अंगणाखाली जुनी वस्ती असलेलं जपानी घर घ्यावं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोघं नवरा-बायको तोक्योत निशी-कासाईला राहता, दोघंही नोकरी करता. नारा खोऱ्याच्या दक्षिण टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी शंभर-सव्वाशे वर्षांचं एक घर तुम्हाला आवडलं आहे. किंमत ६८ लाख येन. एजंटने दिलेल्या कागदावर ही जागा ‘माइझो बुंकाझाई होझोची’ असल्याचं लिहिलं आहे. घरामागे झाडीने झाकलेला एक उंचवटा आहे, शेजारच्या आजी त्याला ‘कोफुन’, म्हणजे मातीच्या उंचवट्याखालचं प्राचीन थडगं, म्हणतात. त्याच्या पायथ्याशी तीन जुनी थडगी आणि एक दगडी देव्हारा आहे. घर दुरुस्त करायचं, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नवं करायचं, पुढेमागे दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या असा बेत आहे. तुम्ही विचारता: असं घर घ्यावं का, सरकार जागा काढून घेईल का, आणि खणताना काही सापडलं तर काय?

मी सोळा वर्षं याच भागात जुन्या लाकडी घरांच्या दुरुस्तीचं काम करते आहे. माझं उत्तर: घर घ्या, पण सही करण्याआधी एका गोष्टीचा छडा लावा. या घरात राहण्यासाठी तुम्हाला जमिनीत किती खोल जावं लागणार आहे, आणि नेमकं कुठे? घराचं वय, आजींनी सांगितलेली कथा, एजंटचा कागद हे सगळं या प्रश्नानंतर येतं.

त्या कागदाचा अर्थ आधी पाहू. ‘होझोची’ म्हणजे पोटात काहीतरी सांभाळून असलेली जमीन. जमिनीखाली जुन्या वस्तीचे, थडग्यांचे, भट्ट्यांचे, देवळांचे अवशेष असल्याची सरकारदरबारी नोंद असलेली जागा. अशा जागा जपानभर सुमारे ४ लाख ६० हजार आहेत आणि दरवर्षी त्यांतल्या जवळपास ९ हजार ठिकाणी उत्खनन होतं. नारा खोऱ्यात तर नोंद नसलेली जागा शोधावी लागते. त्यामुळे तो शब्द वाचून घाबरू नका. या नोंदीने तुमची मालकी कमी होत नाही, विकायला बंदी येत नाही, आणि घर ताब्यात घेण्याचा अधिकारही सरकारला मिळत नाही. एकच बंधन येतं: जमीन खणणारं कोणतंही बांधकाम सुरू करण्याच्या ६० दिवस आधी लेखी कळवायचं. सांस्कृतिक वारसा संरक्षण कायद्याचं ९३ वं कलम ते हेच.

हा कायदा १९५० सालचा. २६ जानेवारी १९४९ रोजी होर्युजी मंदिराच्या मुख्य सभागृहात आग लागली आणि तिथली शेकडो वर्षं जुनी भित्तिचित्रं जळाली. त्या धक्क्यातून तो आला. होर्युजी तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर असेल. आजही २६ जानेवारीला या भागातल्या देवळांत आग विझवण्याचा सराव होतो. गावातली माणसं या विषयाकडे सरकारी कटकट म्हणून बघत नाहीत, यामागे ही आठवण आहे.

‘होझोची’ आणि ‘शिसेकी’ यांत मात्र गल्लत करू नका. शिसेकी म्हणजे रीतसर घोषित ऐतिहासिक स्थळ. जमिनीचा एखादा तुकडाही शिसेकीच्या हद्दीत असेल तर आहे त्या स्थितीत बदल करायला आधी परवानगी लागते. तिथे नुसतं कळवून भागत नाही. नवं बांधकाम बहुतेक वेळा होतच नाही. असुका गावाची गोष्ट आणखी निराळी. तिथे १९८० च्या खास कायद्याने अख्खं गाव दोन प्रकारच्या संरक्षित पट्ट्यांत वाटलेलं आहे. छपराला कौल कसं हवं, भिंतीचा रंग कोणता चालेल, हेही विचारावं लागतं. तुमचं घर असुकाच्या हद्दीत आहे की शेजारच्या गावात, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दोन गावांमधली सीमा एखाद्या ओढ्याइतकी अरुंद असते आणि ओढ्याच्या या काठाचे नियम त्या काठाला लागू होत नाहीत. ते आधी तपासा.

आपल्याकडे संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर निषिद्ध आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. त्याची सवय असल्याने अनेक मराठी मित्र मला पहिला प्रश्न तोच विचारतात: कोफुनपासून किती मीटर सोडायचे? जपानमध्ये असं सगळीकडे सारखं वर्तुळ नाही. इथे नकाशावर प्रत्येक जागेची स्वतःची वेडीवाकडी हद्द काढलेली असते. तिला धरून चालायचं.

आता खणण्याबद्दल. लोकांना वाटतं जुनं घर दुरुस्त करायचं तर खणावं लागणार नाही. अर्धं खरं आहे. तुमचं घर फोटोंवरून यामातो-मुने पद्धतीचं दिसतं: मधलं छप्पर उंच, उतरतं आणि मुळात गवताचं, त्याच्या दोन्ही टोकांना चुन्याने लिंपलेल्या भिंती, त्यांच्या माथ्यावर कौलं. नारा भागाची ही खास ओळख. गवतावर आता पत्रा चढवलेला आहे, तसा तो बहुतेक घरांवर आहे. या घरांचे खांब जमिनीत पुरलेले नसतात. प्रत्येक खांब एका सपाट दगडावर नुसता उभा असतो आणि सगळा भार त्या दगडांवर. म्हणजे ज्यांनी हे घर बांधलं त्यांनी जमिनीला जवळपास हातच लावला नाही. खालचं जे काही आहे ते तसंच राहिलं असण्याची शक्यता चांगली आहे.

जमिनीत खोल जातो तो आपण. सगळ्यात खोल खड्डा लागतो संडासाच्या टाकीला. खेड्यात सांडपाण्याची सार्वजनिक वाहिनी नसेल तर ‘जोकासो’ पुरावी लागते. ही घरापुरती सांडपाणी शुद्ध करणारी टाकी. पाच माणसांची टाकी घेतली तरी दीड ते दोन मीटर खोल जावं लागतं. घरातल्या इतर कुठल्याही कामाला एवढं खोल जावं लागत नाही. त्यानंतर गाडी उभी करायला अंगण सपाट करताना उंचवट्याचा पायथा कापणं. त्यानंतर सांडपाण्याच्या नळ्यांचे चर. आणि चौथं, जे हल्ली प्रत्येक ठेकेदार सुचवतो: घर जॅकवर उचलून खाली सलग काँक्रीटची लादी ओतणं. त्यासाठी घराखालची सगळी जमीन हात-दीड हात उकरावी लागते. या कामाबद्दल पुढे पुन्हा बोलते, कारण त्याला माझा आणखी एका कारणाने विरोध आहे.

टाकीबद्दल एवढं सांगते आहे कारण मी स्वतः यात चुकले आहे. या कामात नवी होते तेव्हा एका कुटुंबाचं घर दुरुस्त करताना मी घराचे सगळे कागद वेळेत दिले, पण टाकीचं काम नळकाम करणाऱ्याकडे आहे असं समजून तिची जागा अर्जाच्या नकाशात दाखवलीच नाही. नळकामवाल्याने एका सकाळी छोटं खोदयंत्र आणून खड्डा घेतला. सव्वा मीटरवर काळ्या मातीचा थर आणि त्यात भांड्यांचे तुकडे. काम थांबलं. अधिकारी आले, कोणी आरडाओरडा केला नाही. त्यांनी फक्त खड्ड्याच्या कडेला बसून तो कापलेला थर बराच वेळ पाहिला. ते बघणं मला अजून आठवतं. त्या कुटुंबाला अडीच महिने शेजारच्या गावातल्या सार्वजनिक न्हाणीघरात जावं लागलं. तेव्हापासून मी नकाशा काढताना टाकी आधी बसवते आणि मग स्वयंपाकघर कुठे यायचं ते ठरवते.

तुम्हीही तसंच करा. टाकीसाठी अशी जागा शोधा जिथे जमीन आधीच खणली गेलेली आहे. जुन्या मैलाखड्ड्याची जागा बहुतेक वेळा उत्तम. तो खड्डा आधीच्या पिढ्यांनी खणला, तिथे वाचवायचं काही उरलेलं नसतं. बुजवलेली विहीर, जुना कोठारघराचा पाया, १९६०-७० च्या दशकात बांधलेली जोडखोली, यांच्याही जागा बघा. घरमालकाला विचारा, आजींना विचारा, अंगणात कुठे काय होतं. हे विचारायला पैसे लागत नाहीत आणि त्यातून काही महिने वाचू शकतात.

मग पालिकेच्या शिक्षण मंडळाकडे, म्हणजे ‘क्योइकु ईइनकाई’कडे जा. आपल्या कानांना हे विचित्र वाटेल, पण पुरातत्त्वाचा विभाग तिथेच असतो. हे करारावर सही करण्याआधी करायचं. तिथे ‘इसेकी चिझु’ म्हणजे प्राचीन स्थळांचा नकाशा मागा, तुमच्या जागेची हद्द त्यावर दाखवायला सांगा, आणि आजूबाजूला आधी कुठे उत्खनन झालं असेल तर किती खोलीवर काय लागलं ते विचारा. ही माहिती ते देतात. शेजारच्या प्लॉटवर अवशेष ८० सेंटिमीटरवर लागले असतील तर तुमच्या पायाच्या तळाची मर्यादा तुम्हाला तिथेच कळते. बऱ्याच पालिका बांधकामाचा तळ आणि अवशेषांचा माथा यांत ३० सेंटिमीटर जाडीची मोकळी माती राखायला सांगतात. तेवढी राहत असेल तर खालचं खालीच राहतं आणि तुमचं काम पुढे जातं.

अर्ज दिल्यावर तीन प्रकारची उत्तरं येऊ शकतात. सांभाळून काम करा. किंवा, खणताना आमचा माणूस हजर राहील. किंवा, आधी उत्खनन करावं लागेल. घराच्या दुरुस्तीला बहुतेक वेळा पहिल्या दोनांपैकी एक उत्तर मिळतं. तिसरं आलं तर त्याआधी चाचणीचा चर घेतात, त्याला ‘शिकुत्सु’ म्हणतात.

असा एक चर मी अगदी जवळून पाहिला आहे. भाजीच्या वाफ्यात दोन मीटर रुंद, पाच मीटर लांब. वरची नांगरटीची माती यंत्राने काढली आणि मग दोन माणसं गुडघ्यांवर बसली. हातात छोटी, वाकड्या पात्याची खुरपी. खणत नव्हती, खरवडत होती, जणू शिळी भाकरी तव्यावरून सोडवावी तशी. पिवळसर चिकणमाती गुळगुळीत झाली आणि तिच्यावर फुलपात्राच्या तोंडाएवढे काळसर गोल डाग उमटले. एक, दोन, मग एका ओळीत चार. प्रत्येक डागाच्या जागी कधीकाळी लाकडी खांब होता. खांब कुजला, भोकात वरची काळी माती उतरली, आणि त्या मातीने घराचा आराखडा जपून ठेवला. विद्यार्थिदशेत मी डेक्कन कॉलेजने इनामगावला केलेल्या उत्खननाचे नकाशे पाहिले होते, तिथेही घोड नदीकाठच्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांचे आकार खांबांच्या खळग्यांवरूनच लागले. ते नकाशावरचे ठिपके मला त्या दिवशी नाऱ्यातल्या मातीत प्रत्यक्ष दिसले. घराच्या मालकीणबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या ओळीची दिशा त्यांच्या आजच्या घराच्या दिशेशी जुळत होती. त्यांनी मला दोनदा विचारलं, म्हणजे त्यांनीही सूर्य बघूनच घर लावलं होतं का?

खर्चाचं सांगते. स्वतः राहण्याच्या घरासाठी उत्खनन करावं लागलं तर त्याचा खर्च सहसा सरकारी अनुदानातून होतो. व्यवसायासाठी बांधकाम असेल तर तो बांधणाऱ्याकडून मागितला जातो. म्हणूनच पर्यटकांना खोल्या देण्याचा तुमचा बेत महत्त्वाचा ठरतो. अर्जात लिहाल ते खरं लिहा, पण बेताचा क्रम विचारपूर्वक ठरवा. आधी राहण्यापुरतं घर करा, दोन वर्षं राहा. खोल्या भाड्याने देण्याचा २०१८ पासून लागू झालेला कायदा वर्षाला १८० रात्रींपुरतीच परवानगी देतो, त्यामुळे त्या उत्पन्नावर कर्जाचं गणित बसवू नका. आणि पुढे पर्यटकांसाठी नवी न्हाणीघरं बांधावीशी वाटली तर त्या खड्ड्यांचा विचार वेगळा, तेव्हाच्या नियमांनी करावा लागेल.

सापडलेल्या वस्तू तुमच्या होत नाहीत. कागदोपत्री त्या ‘हरवलेल्या वस्तू’ म्हणून पोलिसांकडे नोंदवल्या जातात, मूळ मालक अर्थातच पुढे येत नाही, आणि त्या प्रांताच्या सरकारच्या होतात. जमीनमालकाला मोबदला देण्याची तरतूद कायद्यात आहे, पण उत्खननाला संमती देताना तो हक्क सोडल्याच्या कागदावर सही घेण्याची पद्धत आहे. मी ती सही करायला सांगते. फुटक्या मडक्यांची बाजारातली किंमत नगण्य असते. त्यांचं मोल ती कुठल्या थरात, कशाच्या शेजारी सापडली यात असतं, आणि घरी काचेच्या कपाटात ठेवली की ते संपतं.

आता तो उंचवटा. जपानमध्ये कोफुन सुमारे १ लाख ६० हजार आहेत. तिसऱ्या ते सातव्या शतकातली ही सरदारांची, राजांची थडगी. शेताच्या मध्ये, द्राक्षाच्या मांडवाखाली, घरांच्या परसात ती आहेत आणि खासगी मालकीचीही पुष्कळ आहेत. तुम्ही घर बघता आहात त्या भागात याबाबतीतली एक हकिगत सगळ्यांना माहीत असते. १९६२ च्या सुमारास असुकातल्या एका शेतकऱ्याने आलं साठवायला एका उंचवट्यात खड्डा केला आणि त्याची पहार घडीव दगडाला लागली. ते ताकामात्सुझुका. १९७२ च्या मार्चमध्ये तिथे उत्खनन झालं आणि आत रंगीत वस्त्रं नेसलेल्या स्त्रियांची, पुरुषांची, आकाशातल्या नक्षत्रांची चित्रं निघाली. अख्ख्या देशाला वेड लागलं. पण तेराशे वर्षं अंधारात टिकलेल्या त्या चित्रांवर उघडल्यानंतर बुरशी धरली आणि शेवटी २००७ साली ती दगडी खोली एकेक शिळा सोडवून बाहेर न्यावी लागली. इथले पुरातत्त्व अधिकारी ‘खणू नका, राहू द्या’ असं म्हणतात तेव्हा हा अनुभव त्यांच्या डोळ्यांसमोर असतो. तुमच्या परसातला उंचवटा बहुधा साधं, छोटं थडगं असेल. नसेलही, नुसता मातीचा ढीग असेल. काहीही असो, त्यावरचा बांबू कापा पण मुळं उपटू नका. पायथा सरळ करायला कुदळ लावू नका. पायऱ्या खोदू नका.

त्याहून महत्त्वाचं, उंचवटा तुमचा आहे का ते पाहा. इथे घराची जागा आणि मागची जागा सहसा वेगवेगळ्या गटांत असते, प्रत्येक गटाचा उतारा वेगळा. घर ‘ताकुची’ म्हणजे रहिवासी, मागचा तुकडा डोंगर, शेत किंवा दफनभूमी म्हणून नोंदलेला असू शकतो. मागच्या तुकड्याचा उतारा काढलात आणि त्यावर घरमालकाच्या पणजोबांचं नाव निघालं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. आपल्या सातबाऱ्यावर वारसनोंद राहून जाते तसंच हे. फरक एवढा की १ एप्रिल २०२४ पासून जपानने वारसनोंद सक्तीची केली आहे: तीन वर्षांत करायची, नाहीतर एक लाख येनपर्यंत दंड. तेव्हा ही नोंद विकणाऱ्यानेच पूर्ण करून द्यावी अशी अट घाला. वारसांची संख्या वीस-पंचवीसपर्यंत गेलेली असेल आणि त्यांतले दोघे ब्राझीलला असतील तर तो तुकडा सोडून फक्त घराचा व्यवहार करता येतो का ते बघा. शेत असेल तर कृषी समितीची परवानगी लागते. किमान क्षेत्राची जुनी अट २०२३ मध्ये गेली, त्यामुळे छोट्या परसबागेपुरतं शेत घेणं आता सोपं झालं आहे.

हद्दीचे नकाशेही जुने असतात. अनेक खेड्यांतला नकाशा मेइजी काळातल्या, १८७० च्या दशकातल्या सारा-सुधारणेच्या मोजणीवर आधारलेला आहे. तेव्हा दोरीने मोजलं, आणि सारा कमी बसावा म्हणून जमीन थोडी कमीच मोजली गेली. याला जपानीत शब्दच आहे, ‘नावानोबि’, दोरीची वाढ. कागदावर ४०० चौरस मीटर आणि प्रत्यक्षात ४६० असं सर्रास निघतं. परसात कोफुन असताना ती वाढलेली दोरी नेमकी कोणत्या बाजूला गेली हे माहीत असायला हवं. अधिकृत मोजणीदाराकडून खुणा घालून घ्या, शेजाऱ्यांना उभं करून.

जमिनीचं जुनं गावठी नावही विचारा. उताऱ्यावर प्रत्येक तुकड्याला ‘कोअझा’ म्हणून एक लहान नाव असतं. होरिनोउची म्हणजे खंदकाच्या आतलं, बाबा म्हणजे घोड्यांचं मैदान, मातोबा म्हणजे धनुष्यबाणाच्या सरावाची जागा, तेरा-याशिकी म्हणजे देवळाची जागा. ज्यांनी लहानपणी गावातली ‘पांढरी’ पाहिली आहे, त्यांना नावात जमिनीची आठवण कशी राहते हे सांगायला नको. नकाशावर नोंद नसलेली जागाही नावावरून ओळखू येते. नोंद नसलेल्या जागी खणताना अवशेष लागले तरी काम थांबवून कळवणं बंधनकारकच आहे.

थडगी आणि देव्हारा. तीन थडगी कुणाची आहेत आणि त्यांना फुलं कोण वाहतं हे विकणाऱ्याला विचारा. कुटुंब हलवणार असेल तर पालिकेची अस्थी-स्थलांतराची परवानगी त्यांनी घ्यायची असते, आणि बौद्ध भिक्षू येऊन आधी एक विधी करतात. हलवणार नसतील तर कुटुंबाला वर्षातून दोन-तीनदा येण्याजाण्याचा हक्क करारात लिहून द्या. मी स्वतः हलवायला सुचवत नाही. आणि देव्हारा हा ‘याशिकिगामी’, घराच्या जागेचा राखणदार. आपल्या वास्तुपुरुषाच्या आणि म्हसोबाच्या मधलं काहीतरी समजा. नव्या मालकाने त्याला नवीन वर्षाला तांदूळ आणि साके ठेवली की गाव तुमच्याकडे निराळ्या नजरेने बघतं. तुम्हाला हे जमणार नसेल, अगदी मनापासून पटत नसेल, तर दुसरं घर बघा. ही सोय-गैरसोयीची बाब नाही.

घराच्या दुरुस्तीबद्दल दिलेलं वचन पाळते. काँक्रीटची सलग लादी नको. एक, ती सगळी जमीन उकरते. दोन, दगडावर उभं असलेलं घर भूकंपात थोडं सरकून, डोलून ताण सोडतं. त्याचे पाय काँक्रीटला जखडले तर तो ताण वरच्या सांध्यांत जातो. त्यापेक्षा कुजलेला भाग तेवढाच बदलायचा. वाळवी लागते ती सहसा खांबाच्या खालच्या हातभर भागाला. सुतार तेवढा भाग कापतो, नव्या लाकडाचा तुकडा तशाच एकमेकांत बसणाऱ्या दातांनी घडवतो, दोन्ही तुकडे सरकवतो आणि मधल्या चौकोनी भोकातून ओकची पाचर ठोकतो. पाचर ठोकताना आवाज बदलत जातो, पोकळ ठकठक भरीव होते आणि सुतार थांबतो. खिळा नाही, गोंद नाही. तुमच्या मधल्या जाड खांबाला ‘दाइकोकु-बाशिरा’ म्हणतात. दाइकोकु हा देव मुळात आपला महाकाल, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे इथे आला आणि भांडारघराचा देव झाला. त्या खांबाच्या पायथ्याला टोचणी लावून बघा. टोचणी बोटभर आत गेली तर किमतीवर पुन्हा बोला.

एप्रिल २०२५ पासून दुमजली लाकडी घरात खांब-तुळया-छपरासारखा एखादा मुख्य भाग निम्म्याहून जास्त बदलायचा असेल तर बांधकाम परवानगी लागते. २०० चौरस मीटरपर्यंतचं एकमजली घर यातून सुटतं. तुमचा माळा उताऱ्यावर मजला म्हणून मोजला आहे का, हे पाहून घ्या. घर डोंगराच्या पायथ्याशी आहे म्हणून दरडींचा नकाशाही बघा. पिवळ्या पट्ट्यात असेल तर विचार करता येतो. लाल पट्ट्यात असेल तर माझं ‘घ्या’ मी मागे घेते.

पैशांचं भराभर सांगते. या किमतीला एजंटची फी जास्तीत जास्त ३ लाख ३० हजार येन, करासह. बँका लाकडी घराचं आयुष्य २२ वर्षं धरतात, त्यामुळे घराची किंमत त्यांच्या लेखी शून्य आणि कर्ज अवघड. घर घेतल्याने व्हिसा मिळत नाही. तुम्ही जपानचे रहिवासी आहात म्हणून परकीय चलनाचा अहवाल द्यावा लागत नाही. पुण्याच्या वडिलांच्या नावावर घेतलंत तर मात्र चित्र बदलतं: त्यांचे पैसे रिझर्व्ह बँकेच्या वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेतून यावे लागतील, आणि जपानमध्ये त्यांच्या वतीने कर भरणारा प्रतिनिधी नेमावा लागेल. घर ५० वर्षांपेक्षा जुनं आहे, त्यामुळे पुढे ‘नोंदणीकृत वारसा-वास्तू’ म्हणून अर्ज करता येईल. त्यात घरावरचा मालमत्ता कर निम्मा होतो, आराखडा व देखरेखीच्या खर्चाला मदत मिळते आणि बंधनं मुख्यतः बाहेरून दिसणाऱ्या भागापुरती. पण ते घर उभं राहिल्यावर, घाई नाही.

करारात दोन वाक्यं घालून घ्या. जोकासोच्या जागेवर उत्खनन करावं लागणार असं पालिकेने लेखी कळवलं तर खरेदीदाराला अनामत परत घेऊन व्यवहार मोडता येईल. आणि मागच्या तुकड्याची वारसनोंद ताबा देण्याआधी पूर्ण होईल. जुनं घर ‘आहे तसं’ विकलं जातं, नंतर विकणाऱ्यावर जबाबदारी राहत नाही, म्हणून जे मागायचं ते आत्ताच. एजंट म्हणेल अशी अट कोणी घालत नाही. तो गप्प बसला की पुन्हा तीच मागणी करा, आवाज न चढवता. दर दोन-तीन व्यवहारांत मी हे करते आणि ती अट मिळते.

शिक्षण मंडळात जाताना जागेच्या नकाशाच्या दोन प्रती न्या, एक ते ठेवून घेतात. त्यावर पेन्सिलीने टाकीची जागा, नळ्यांचा मार्ग आणि गाडीची जागा काढा, आणि प्रत्येकाशेजारी खोली सेंटिमीटरमध्ये लिहा. पेन्सिलीनेच, कारण समोरचा माणूस तिथेच खोडून म्हणेल, टाकी इकडे दोन मीटर सरकवली तर? त्याने सरकवलेली जागा मला कळवा. त्यावरून स्वयंपाकघर कुठे येईल ते मी सांगते.